दिवस नववा, सकाळ मोकळी

छापील कागदावर आज असं आहे:
लिस्बन. दिवस नववा. सकाळ मोकळी.
दुपारी बारापर्यंत खोली सोडणे.

आम्ही पहाटे साडेचारलाच सोडली,
आमचीच, बोरिवलीची, दुसऱ्या मजल्यावरची,
चपला हातात घेऊन
मागच्या फाटकानं, जिथून कचऱ्याची गाडी येते.

व्हिसाच्या पत्रात चौकटी बऱ्याच होत्या,
खूण एकाच चौकटीत:
आपण परत जाल याची खात्री पटत नाही.
प्रफुल्लनं ते दोनदा वाचलं आणि हसला.
सव्वीस वर्षं म्युनिसिपालिटीच्या पाणीखात्यात,
सव्वीस वर्षं एकाच न्हाव्याकडे.
आपल्याबद्दल कुणाला अशी शंका यावी,
याचा त्याला थोडा अभिमानच वाटला असावा.

पण तोवर रजा मंजूर झालेली,
दूध बंद केलेलं,
ग्रेसबाईंनी कुंड्या सांभाळायला नेलेल्या,
आणि शाळेतल्या बायकांनी मला दिलेलं
गळ्यात अडकवायचं पाकीट,
तिकडच्या चोरांपासून जपायला.
आता कोणत्या तोंडानं सांगणार?

मग आठ दिवस पडदे ओढून.
भात पातेल्यात, कारण कुकर बोलतो.
रात्री मोबाइलच्या उजेडात तो नकाशा वाचायचा:
अठ्ठावीस नंबरची ट्राम, इथे वळते,
इथे चढ, इथे निळ्या फरशांची भिंत.
पाचव्या दिवशी आम्ही भांडलो, कुजबुजत.
कुजबुजत फार वेळ भांडता येत नाही.
शब्द निवडावे लागतात,
आणि निवडायला लागलं की राग वाट बघत नाही.

आज शेवटचा दिवस म्हणून मनोरी.
मार्वेच्या धक्क्यावर नाववाला म्हणाला,
बॅगेचे वेगळे पडतील.
प्रफुल्लनं दिले. कुठेतरी बॅगेचे पैसे
भरायची त्याची तयारी होतीच.
खाडी ओलांडायला पाच मिनिटंही लागली नाहीत.
ही आपली तेजो नदी समज, तो म्हणाला.
मी समजले. पाण्याला खारट, कुजका वास होता,
तिकडेही असेल.

क्रुसाजवळच्या घरात इझाबेलबाईंनी फुगियास तळून दिले.
त्यांच्या मराठीतले चार शब्द मला कळले नाहीत.
आमच्या मराठीतले मात्र मी मोजत बसले:
चावी, बादली, परात, पगार.
सगळे तिकडून आलेले, गलबतातून,
आणि आता त्यांच्याशिवाय घर चालत नाही.
परत जाल ना, असं त्यांना
कुणी विचारलंच नसणार.

कुठले तुम्ही, बाईंनी विचारलं.
बोरिवलीचे, प्रफुल्ल म्हणाला,
आणि मला एकदम रडू आलं.
नऊ दिवसांतलं पहिलं खरं वाक्य होतं ते.

चॉकलेटं मालाडला घेतली.
पाकिटावर बेल्जियम होतं.
युरोप तो युरोप, म्हणाला.

रात्री साडेनऊला रिक्षा नको, टॅक्सी,
कारण विमानतळावरून माणसं टॅक्सीनं येतात.
फाटकात बिसेनकाका उठून उभे राहिले.
कसं होतं?
चढ फार, प्रफुल्ल म्हणाला, गुडघे गेले.
काकांनी मान हलवली.
मग, रजिस्टर बंद करता करता, सहज म्हणाले:
रात्री तुमच्या मोरीत दिवा लागायचा.
मीच सगळ्यांना सांगितलं,
साहेब टायमर लावून गेलेत.

आम्ही दोघं तिथेच.
टॅक्सीचं भाडं कुणी दिलं आठवत नाही.

काकांनी बॅग उचलली.
आत एक चादर आणि चॉकलेटं, बस्स.
खांदा एका बाजूला झुकवून
ते पुढे निघाले,
आणि पहिल्या मजल्यावर, ग्रेसबाईंच्या दाराशी,
बॅग खाली ठेवून
थोडा वेळ दम खात थांबले.